बाथरूमच्या गोळ्याने खाल्लेले दोन बल्ब

वॉरंटीची दोन वर्षं संपायला आठ दिवस राहिले, म्हणून दोन्ही मेलेले एलईडी पिशवीत घालून नवी पेठेत गेलो. प्रत्येक बल्बच्या बुडावर मार्करने तारीख टाकायची माझी सवय आहे. दुकानदाराने तिकडे बघितलंसुद्धा नाही. "बिल दाखवा, खोकं दाखवा." बल्बचं खोकं कोण जपून ठेवतं हो?

९ वॅटचे सहा एकदम घेतले होते. खोक्यावर २५,००० तास. बाथरूममधला सात महिन्यांत गेला. रोजचे तीन तास धरा, ६३० तास झाले. जुना पिवळा बल्बसुद्धा हजारेक तास चालायचा! दुसरा लावला, तो पाच महिन्यांत, भर एप्रिलमध्ये लुकलुकून बसला. एलईडी म्हणजे निव्वळ फसवणूक, असं मी गल्लीभर सांगत सुटलो.

ते बोलणं आता निम्मं मागे घेतो. उघडून पाहिलं तर पट्टीवरचे उजेड देणारे ठिपके शाबूत, ड्रायव्हरमधला (म्हणजे ठिपक्यांना वीज पुरवणाऱ्या सर्किटमधला) कपॅसिटर मात्र डोक्यावर फुगलेला. शेजारचे वायरमन काका म्हणाले, "अहो, काचेच्या गोळ्यात कोंडून मारलाय त्याला." ड्रायव्हर बुडात असतो, उष्णता तिथूनच बाहेर पडायची, गोळा बंद, वर तापलेला स्लॅब आणि सोलापूरचा उन्हाळा. गोळा काढला, होल्डर पाणी उडणार नाही असा दारावर उंच घेतला. तिसरा बल्ब वर्षभर ठणठणीत आहे. बाकीचे उघड्यावरचे कुरकुरलेसुद्धा नाहीत.

एक सांगतो, वरची पांढरी टोपी निघालेला एलईडी 'चालतोय की' म्हणून लावू नका. स्वस्तातल्या बल्बात पट्टीवर थेट लाइनचा करंट असू शकतो.

हॉलमधला सीएफएल नातवाच्या चेंडूने फुटला तेव्हा मी सरळ केरसुणी फिरवली. चूक. त्यात काही मिलिग्रॅम पारा असतो. आधी खिडक्या उघडून सगळ्यांना बाहेर काढायचं, मग तुकडे पुठ्ठ्याने गोळा करायचे.

राहिला आईचा देवघरातला झिरो. नाव झिरो, खातो १५ वॅट. दिवसरात्र चालू, म्हणजे महिन्याला जवळपास ११ युनिट, आणि काचेला बोट लावलं की चटका. त्याजागी अर्ध्या वॅटचा एलईडी लावला. आई म्हणाली, "देव आजारी दिसतो रे यात." परवा पाहिलं तर जुना परत होल्डरमध्ये.