पॅनिक अटॅकसाठी ऑनलाइन थेरपी : बार्शीतून घेतलेला अनुभव

बार्शीत आमचं मेडिकल आहे आणि लग्न झाल्यापासून मी काउंटरवर उभी असते. झोपेची गोळी मागायला येणारी माणसं रोज बघते. गेल्या वर्षी मला स्वतःलाच पॅनिक अटॅक सुरू झाले आणि पुण्यातल्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट मॅडमकडे मी व्हिडिओ कॉलवर थेरपी घेतली. गुण आला. पण तो कशाने आला हे नीट सांगायला हवं, कारण माझ्या ओळखीतले जे कुणी थेरपीचं विचारतात, त्यांना वाटतं की समोरचं माणूस शांतपणे ऐकून घेईल, धीर देईल आणि मन हलकं होईल. माझ्या बाबतीत धीर देणं फारसं झालंच नाही. झाला तो सराव, आणि तोही जिथे भीती वाटायची त्याच जागी.

त्रास असा होता. दुपारी गर्दी ओसरली की छातीत धडधड, हात गार, तोंडाला कोरड, आणि आता आपण इथेच कोसळणार अशी पक्की खात्री. ईसीजी, टू-डी एको, थायरॉइड, हिमोग्लोबिन, सगळं केलं, सगळं नॉर्मल. ह्या तपासण्या आधी करून घ्याच. थायरॉइडचं हॉर्मोन जास्त झालं तरी अशीच धडधड होते, आणि त्याला औषधच लागतं. रिपोर्ट बघून आमच्या फिजिशियननीच सांगितलं की हे पॅनिक आहे, सायकॉलॉजिस्टला भेटा. गावात अशा दवाखान्याच्या बाकावर बसायचं म्हणजे शेजारी आपलंच गिऱ्हाईक असणार. सोलापूर सत्तर किलोमीटर, आणि तेव्हा मला एकटीने एसटीत बसायचीच भीती वाटत होती. म्हणून ऑनलाइन.

आधी एका अ‍ॅपवर पैसे भरले होते. तिथे जे समुपदेशक मिळाले त्यांना शिक्षण विचारलं, तर "सर्टिफाइड आहे" ह्यापलीकडे उत्तर आलं नाही. मी थांबले. औषधाच्या धंद्यात कागद बघितल्याशिवाय आम्ही माल घेत नाही, मग मन कुणाच्या हातात देताना का बघू नये? आपल्याकडे क्लिनिकल सायकॉलॉजिस्टची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे, म्हणजे आरसीआयकडे होते. १९९२ च्या कायद्याने ही परिषद चालते. नोंदणी क्रमांक मागायला लाजू नका. ज्यांच्याकडे आहे ते लगेच देतात, आणि परिषदेच्या वेबसाइटवर तो पडताळता येतो. समुपदेशन करणारे सगळेच आरसीआयवर नसतात आणि त्यांच्यातही चांगली माणसं आहेत, पण पॅनिकसारख्या निदान झालेल्या त्रासाला मी नोंदणी असलेल्याच व्यक्तीकडे गेले.

आणखी एक गोष्ट काउंटरवरून सांगते. सायकॉलॉजिस्ट औषध लिहून देत नाहीत, ते काम मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टरांचं. सायकॉलॉजिस्टच्या सहीची चिठ्ठी आणली तर मी गोळी देणार नाही. अल्प्राझोलाम ही घबराटीवरची गोळी तर शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे कडक नोंद ठेवून विकायच्या औषधांच्या यादीत आहे. डॉक्टरांचं नाव, पेशंटचं नाव, किती दिली, हे सगळं वेगळ्या रजिस्टरला लिहून ते तीन वर्षं सांभाळावं लागतं. ती गोळी घेतली की अर्ध्या-पाऊण तासात बरं वाटतं, आणि त्यामुळेच ती सुटता सुटत नाही. असे चेहरे मी वर्षानुवर्षं बघते आहे. मला गोळीची गरज पडली नाही. पडली असती तर मी मानसोपचारतज्ज्ञांकडे नक्की गेले असते, त्यात कमीपणा काहीच नाही.

पहिलं सेशन सगळं विचारपूस करण्यात गेलं. संमतीचा फॉर्म आधीच ईमेलवर आला होता. कॉल रेकॉर्ड होणार नाही, बोलणं गुप्त राहील, आणि जिवाला धोका वाटला तर मात्र घरच्यांना कळवावं लागेल, असं मॅडमनी स्वतः वाचून दाखवलं. गुप्ततेचा हा हक्क २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यातच दिलेला आहे. मी नेमकी कुठे बसले आहे तो पत्ता आणि जवळच्या एका माणसाचा नंबर त्यांनी लिहून घेतला. ऑनलाइनमध्ये हे विचारलं नाही तर ती सेवा घेऊ नका. मग चिंता किती आहे ते मोजणारी जीएडी-७ नावाची प्रश्नावली. गेल्या दोन आठवड्यांबद्दल सात प्रश्न, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण, एकूण एकवीस. पंधरा आणि त्यावर म्हणजे तीव्र, आणि मी त्यातच होते. हीच प्रश्नावली अधूनमधून पुन्हा भरून घेतात, त्यामुळे फरक पडतोय की नाही हे नुसत्या वाटण्यावर राहत नाही.

पद्धत सीबीटी, म्हणजे कॉग्निटिव्ह बिहेविअर थेरपी, विचार आणि वागणं दोन्ही बदलायला शिकवणारी. कि. मो. फडक्यांच्या पुस्तकांमुळे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिसची, आपले अविवेकी विचार तपासून बदलायला लावणारी विवेकनिष्ठ विचारसरणी मराठी वाचकांच्या परिचयाची आहे. सीबीटी त्याच घराण्यातली, अ‍ॅरन बेक यांच्या कामातून आलेली. विचारांची नोंद ठेवायची वही वगैरे होतीच, पण माझ्यासाठी खरा बदल दुसरीकडे झाला.

करोनापासून आमच्या काउंटरवर पल्स ऑक्सिमीटर असतो. धडधडलं की मी बोट घालून बघायची. नाडी एकशे दहा दिसली की आणखी घाबरायची, मग बीपीचं मशीन. मॅडमनी हे नुसतं ऐकलं नाही. "फोन काउंटरकडे फिरवा, मशीन कुठे ठेवता ते दाखवा," म्हणाल्या. दवाखान्यात बसून हे कधीच झालं नसतं. मशीन गिऱ्हाइकांसाठी आहे, तुमच्यासाठी नाही, असं आमचं ठरलं. ते पहिले काही दिवस फार जड गेले. मोजण्यामुळे मला सुरक्षित वाटत नव्हतं, उलट भीती जिवंत राहत होती, हे कळायला मोजणं बंदच करावं लागलं.

त्यानंतरचा सराव ऐकून ह्यांना काळजी वाटली होती. दुकानामागच्या गोडाउनमध्ये, खोक्यावर फोन उभा करून, मॅडमसमोर मी जागच्या जागी धावायचे, बारीक स्ट्रॉमधून श्वास घ्यायचे, आणि मुद्दाम धडधड आणायचे. मग काहीही न करता ती उतरायची वाट बघायची. पॅनिक साधारण दहा मिनिटांत शिगेला पोचतं आणि मग आपोआप ओसरतं. पुस्तकात मी हे शिकले होते, पण शरीराला ते असंच कळतं. दमा किंवा हृदयाचा विकार असेल तर हा प्रकार डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नये. पुढे एसटीची पायरी आली. आधी स्टँडवर नुसतं बसणं, मग कुर्डुवाडीपर्यंत, मग सोलापूर, एकटीने आणि मोजमाप न करता.

दोन सेशनच्या मधला हा गृहपाठ म्हणजेच थेरपी. ज्यांना आठवड्यात त्यासाठी वेळ काढता येणार नाही त्यांनी पैसे घालवू नयेत. आणि जरा बरं वाटलं म्हणून सोडून देणं म्हणजे अँटिबायोटिकचा कोर्स अर्ध्यात टाकणं.

उणिवा आहेत. लाइट गेली की वायफाय जातं, आणि नेमकं रडू येत असताना चित्र गोठलं तर फार एकटं वाटतं. आम्ही आधीच ठरवून घेतलं होतं, कॉल तुटला तर साध्या फोनवर पुढे बोलायचं. पडद्यावर फक्त चेहरा दिसतो, म्हणून मॅडम फोन लांब ठेवायला लावत, खांदे आणि हात दिसावेत म्हणून. एकांताचा प्रश्न तर मोठाच. घरी सासूबाई आणि मुलं, म्हणून मी गोडाउन निवडलं. ज्या बाईला घरातल्याच माणसाची भीती आहे तिने घरातून असा कॉल करणं धोक्याचं आहे. जीव द्यायचे विचार येत असतील किंवा भास होत असतील तर ऑनलाइनवर विसंबू नये, प्रत्यक्ष मानसोपचारतज्ज्ञांकडेच जावं.

पन्नास मिनिटांचे हजाराच्या वर जातात, आणि सुरुवातीला दर आठवड्याला. आमच्यासारख्यांना ते जाणवतात. मानसिक आजाराला विमा शारीरिक आजारासारखाच मिळाला पाहिजे असं कायदा म्हणतो, पण माझी पॉलिसी दवाखान्यात भरती झाल्यावरचीच, त्यामुळे सगळा खर्च खिशातून. मी मॅडमना स्पष्ट विचारलं, तेव्हा त्यांनी स्थिरावल्यावर पंधरवड्याला एक असं करून दिलं. हे विचारता येतं. आता जीएडी-७ मधले माझे गुण दहाच्या खाली आहेत आणि सेशन महिन्याला एक.

ज्यांना हा खर्च झेपणारच नाही त्यांच्यासाठी सरकारची टेली-मानस सेवा आहे, नंबर १४४१६. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. आठवड्यामागून आठवडे चालणाऱ्या थेरपीची जागा ती घेणार नाही, पण आज रात्री कुणाशी तरी बोलायचं असेल आणि पुढे कुठे जायचं हे विचारायचं असेल तर तिथे फोन लावा.