साखळीची, बिजागरीची की रिजिड? तिन्ही बेड्या वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगून टाकतो, कारणं नंतर. कमरेच्या पट्ट्यावर एकच जोड लावायचा असेल तर साखळीचा घ्या. आरोपीला गाडीतून लांब न्यायचं असेल आणि तो पळेल अशी भीती असेल तर बिजागरीचा बरा. रिजिड, म्हणजे मध्ये कडक पकड असलेली, मात्र एकट्यादुकट्याने घेऊ नका, सगळ्या पथकाला सराव मिळणार असेल तरच घ्या. गेले काही महिने गस्त, छापे आणि कोर्टात ने-आण या कामांत तिन्ही प्रकार आलटूनपालटून वापरले, त्यावरून हे मत बनलंय. बेडी कधी घालायची आणि कधी नाही हा कायद्याचा विषय, त्यात इथे शिरत नाही. घालायचं ठरलं तर कोणती, एवढंच.

बेड्यांचा विषय निघाला की पहिली चर्चा मजबुतीची होते. कुठली तुटते, कुठली वाकते. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिसने धातूच्या बेड्यांसाठी मानक काढलं त्याला चाळीस वर्षं उलटली (१९८२ सालचं आहे ते), आणि त्या कसोटीला उतरलेली बेडी माणूस हाताच्या जोरावर तोडू शकत नाही. मी वापरलेल्या तिन्हींपैकी एकही वाकली नाही, एकाचीही रिव्हेट ढिली झाली नाही. त्यामुळे 'आमची जास्त मजबूत' हे ऐकून जोड निवडू नका. हाल होतात ते मनगटाचे आणि बेडी घालणाऱ्याचे, धातूचे नाही.

आतलं यंत्रही तिन्हींत एकच. १८६२ मध्ये डब्ल्यू. व्ही. अ‍ॅडम्स याने खाचा असलेल्या कमानीची (कमान म्हणजे मनगटाभोवती फिरून अडकणारा भाग), मनगटाप्रमाणे लहानमोठी होणारी बेडी पेटंट केली. त्याआधीच्या बहुतेक बेड्या ठरावीक मापाच्या, म्हणजे बारीक मनगटातून निसटणार आणि जाड मनगटावर बसणारच नाहीत. पुढे १९१२ मध्ये जॉर्ज कार्नी याने कमान दुसऱ्या बाजूने आरपार निघून पुन्हा फिरून येईल अशी रचना केली, आणि ती घेऊन १९१४ मध्ये पीअरलेस कंपनी उभी राहिली. आज मनगटावर बेडी नुसती दाबली की कमान गर्रकन फिरून दुसऱ्या बाजूने अडकते, ते या रचनेमुळे. आधीच्या बेडीची कमान हातात असताना मिटली तर चावी लावल्याशिवाय ती पुन्हा कामाची नसे. झटापटीत असं झालं तर काय होईल, विचार करा. साखळी, बिजागरी आणि रिजिड यांत फरक आहे तो फक्त दोन कड्यांच्या मधल्या जोडणीचा. पण सगळं काम तिथेच बदलतं.

साखळीच्या बेडीत मध्ये दोन दुवे असतात आणि त्यांची टोकं कड्यांमध्ये फिरती असतात. पहिला हात अडकला की दुसरा हात कुठल्या कोनात येईल याची फार फिकीर करावी लागत नाही. माणूस जमिनीवर असू दे, भिंतीला टेकलेला असू दे, हात पोटाखाली दाबून धरलेला असू दे, दुसरा हात जसा मिळेल तसा घेता येतो. रुंद खांद्यांच्या किंवा अंगाने भरलेल्या माणसाचे हात मागे एकमेकांजवळ येतच नाहीत. तिथे साखळीची ती थोडी सैल लांबी कामाला येते. तेवढ्यानेही भागलं नाही तर दोन जोड एकमेकांत अडकवून लांबी वाढवायची, ही जुनी रीत आहे आणि अजूनही याहून चांगला उपाय नाही. मागे हात ओढून खांद्याला इजा करण्यापेक्षा दुसरा जोड मागून घ्या, सोबती तिथेच असतो.

तोटा असा, की ती मोकळीक आरोपीलाही मिळते. मनगट फिरतं, बोटं चावीच्या भोकापर्यंत पोचण्याची शक्यता राहते, अंगाने लवचिक माणूस हात पायांखालून पुढे आणू शकतो. म्हणून घालतानाच तळवे बाहेरच्या बाजूला आणि भोक बोटांपासून दूर, कोपराच्या बाजूला ठेवायचं. हे सगळ्यांना माहीत असतं आणि धांदलीत निम्म्या वेळा राहून जातं. गाडीत बसवण्याआधी एकदा बघून घ्यावं.

बिजागरीचा जोड हातात घेतला की आवडतोच. सपाट मिटतो, पाऊचमध्ये फुगवटा येत नाही, आणि चालताना खळखळत नाही. रात्रीच्या छाप्याला हा शेवटचा गुण लहान नाही. एकदा घातला की दोन्ही मनगटं एकमेकांना जखडली जातात, हात वळवून भोक गाठणं फार अवघड होतं, आणि चालताना माणसाला सांभाळायला मधली बिजागरी मुठीत धरता येते.

घोडं पेंड खातं ते घालताना. बिजागरीला दुसरा हात ठरलेल्या बाजूनेच हवा असतो. पहिलं कडं उलट्या तोंडाने बसलं तर दुसरं कडं मनगटासमोर येतच नाही, आणि समोरचा माणूस तोवर शांत उभा राहत नाही. जाड जॅकेट असेल तर आणखी अवघड, कारण बाही कमानीच्या दात्यांत येते, दोनच दाते बसतात आणि बेडी लागली असं वाटतं, पण लागलेली नसते. कापड वर सरकवून कातडीवर बसवायची हा नियम सगळ्याच बेड्यांना आहे. साखळीत तो मोडला तर निभावतं, बिजागरीत निभावत नाही. खांदे आखडलेल्या किंवा वयस्क माणसाला मागे बिजागरी घालूच नये असं माझं मत आहे. त्याचे हात त्या कोनात जात नाहीत, आणि तो विरोध करतोय असं बघणाऱ्याला उगाच वाटतं.

रिजिडबद्दल थोडं सविस्तर, कारण ती फार जणांनी हाताळलेली नसते. बर्मिंगहॅमच्या हायट कंपनीच्या स्पीडकफ्स ब्रिटनच्या पोलिसांत १९९०च्या दशकात आल्या आणि तिथे रुळल्या. मध्ये साखळी नाही, बिजागरी नाही, कडक प्लास्टिकचं आवरण असलेली पकड. ती मुठीत धरूनच कडं मनगटावर मारायचं. पहिलं कडं लागल्यावर खरी ताकद कळते. पकड किंचित फिरवली की हात, त्यामागे खांदा आणि मग सगळा माणूस वळतो. सराव असलेल्या हातात याच्याइतका ताबा दुसरी कुठलीच बेडी देत नाही.

आणि धोका तोच. साखळी ओढली तर ती आधी सैल होते, फिरते, थोडं सोसून घेते. रिजिडमध्ये तो ओढा थेट मनगटाच्या हाडावर जातो. जोरात, रागात, किंवा नुसतं अंदाज न आल्यामुळे फिरवली तर इजा ठरलेली. आमच्याकडे दोघांनीच तिचा सराव केला होता. बाकीचे ती साखळीच्या बेडीसारखी वापरायला बघत होते. शिवाय ती मिटत नाही. पट्ट्याला वेगळा होल्डर लागतो, गाडीत बसलं की कमरेत टोचते, आणि आरोपी मागे हात बांधून सीटवर बसला की त्याच्या पाठीतही रुततेच.

आता मुख्य गोष्ट, जिच्याकडे खरेदी करताना कुणी बघत नाही. डबल लॉक. नुसत्या मिटलेल्या बेडीचा खटका, म्हणजे कमानीच्या दात्यांत अडकणारी आतली कळ, कमानीला एकाच दिशेने जाऊ देतो. म्हणजे उघडत नाही, पण घट्ट होत राहते. माणूस सीटवर मागे रेलला, पडला, हाताला झटका दिला, की एक दाता, आणखी एक दाता. डबल लॉक लावलं की खटका जागच्या जागी थिजतो, बेडी घट्टही होत नाही आणि सैलही होत नाही. कमानीच्या फटीत पातळ पत्रा घालून खटका उचलायची युक्तीही मग चालत नाही.

हे लॉक लावायच्या पद्धती दोन दिसतात. एका प्रकारात कड्याच्या काठावर बारीक भोक असतं, त्यात चावीच्या मागचं टोक घालून दाबायचं. दुसऱ्यात लहान खाच असते, तिच्यात टोक घालून बाजूला सरकवायचं. उजेडात टेबलावर दोन्ही सारखेच वाटतात. रात्री, पावसात, हातमोजे घालून आणि समोरचा माणूस हलत असताना ते भोक सापडवायला नाकी नऊ येतात. खाचेत नख फिरवलं तरी जागा कळते. माझा कौल खाचेला. बिजागरीच्या जोडाचं भोक हातमोज्यांनी मला शेवटपर्यंत चाचपून नीट सापडलं नाही. कुठलाही जोड घेण्याआधी डोळे मिटून त्याचं डबल लॉक लावून बघा. न जमल्यास बाकी गुण कितीही असोत, घेऊ नका.

बाहेरून एक विनानावाचा स्वस्त जोडही मध्यंतरी आला होता. डबल लॉक लावल्यावर कमान हाताने दाबली तर एक दाता पुढे सरकायची. तो त्याच दिवशी बाजूला काढला. नवा जोड आला की ही तपासणी करायचीच: लॉक लावायचं आणि कमान जोर लावून दाबायची.

लॉक लावण्याआधी मनगट आणि कडं यांच्यामध्ये करंगळीचं टोक जातं का ते बघायचं, दोन्ही हातांना. घट्ट बेडीने पहिली तक्रार येते ती अंगठ्याच्या मागच्या बाजूला मुंग्या आणि बधिरपणाची. मनगटाच्या अंगठ्याकडच्या कडेला एक संवेदी नस अगदी कातडीखालून, हाडावरून जाते. ती दाबली गेली की असं होतं. रॉबर्ट वार्टेनबर्ग या मज्जाविकारतज्ज्ञाने १९३२ मध्ये या विकाराचं वर्णन केलं. तो घट्ट घड्याळाच्या पट्ट्यानेही होतो आणि बेडीनेही. काही वेळा तो बधिरपणा आठवडे टिकतो. 'साहेब, हात बधिर झाला' असं कुणी म्हणालं की नाटक समजून सोडून देऊ नका, बघा आणि सैल करा. चावी आधी उलट फिरवायची, म्हणजे डबल लॉक सुटतं, मग सुलट, म्हणजे खटका उठतो. हे दोन टप्पे नवशिक्याला सुचत नाहीत आणि तो चावी वाकवून बसतो.

आणि बेडी कुठलीही असो, पोटावर पालथ्या माणसाला घातली की लगेच कुशीवर वळवा किंवा उठवून बसवा. पाठीवर गुडघा ठेवून दम खात बसायचं नाही. श्वास अडकतो, आणि मग बेडीचा प्रकार कुठला होता याला काही अर्थ राहत नाही.

वजनाचं थोडक्यात. पोलादाचा नेहमीचा साखळीचा जोड साधारण २८० ग्रॅमचा, अ‍ॅल्युमिनियमचा बराच हलका. दिवसभर पट्टा घालून फिरणाऱ्याला हलका जोड सुखाचा, पण मला मनगटावर मारताना थोडं वजन हवं असतं, कमान त्याने नीट फिरते. निकेलचा मुलामा दिलेलं पोलाद घामाने कडेकडेने गंजतं, स्टेनलेस टिकतं. मोठ्या मापाचा एक जोड गाडीत असायलाच हवा, जाड मनगटाला नेहमीचा जोड पहिल्या दात्यावर कसाबसा बसतो.

चावी हा वेगळाच घोर. पीअरलेस, स्मिथ अँड वेसन आणि इतर बऱ्याच उत्पादकांच्या नेहमीच्या बेड्यांना एकाच नमुन्याची चावी लागते. आपल्या सोयीचं आहे, कारण एकाने घातलेली बेडी दुसऱ्याला काढता येते. पण तीच चावी कुणाच्याही खिशात असू शकते. म्हणून बेडी घातल्यावर झडती नीट, पट्ट्याची मागची बाजू आणि पँटचा मागचा काठ धरून. स्वतःची जादा चावी किल्ल्यांच्या जुडग्यात नको, वेगळी ठेवा. जुडगं गाडीत राहतं आणि आपण चौथ्या मजल्यावर असतो.

एकाच वेळी खूप जणांना ताब्यात घ्यायचं असेल तर प्लास्टिकच्या पट्ट्या चालतात, बाकी वेळी नको. साध्या पट्टीला डबल लॉक नसतं, ओढली की सैल होत नाही, आणि काढायला बोथट टोकाचा वेगळा कटर लागतो. तो कटर कुणाकडे आहे हे पट्टी लावायच्या आधी विचारा.

देखभाल फार नाही. खिशातला कापूस, धूळ आणि घाम कमानीच्या दात्यांत साठतो, मग ती अडखळत फिरते. कोमट पाण्याने धुऊन पूर्ण सुकवायची आणि ग्रॅफाइटची चिमूटभर पूड. जाड तेल घालू नका, त्यावर धूळ चिकटून लगदा होतो. रक्त लागलं असेल तर हातमोजे घालून, जंतुनाशकाने, त्याच दिवशी.

रिजिडचा जोड मी परत जमा केला आहे. बिजागरीचा गाडीच्या पेटीत आहे, ने-आणीच्या ड्यूटीला निघतो आणि पट्ट्यावर साखळीचाच आहे. मोठ्या मापाच्या जोडासाठी मागणी टाकली आहे, खाचेच्या लॉकचाच द्या असं त्यात स्पष्ट लिहून.