अंगाखालचा पॅड की पलंगाच्या पायाचा सेन्सर?

डिमेन्शिया झालेलं माणूस रात्री-अपरात्री उठून चालायला लागलं, की सांभाळणाऱ्याची झोप कानांत येऊन बसते. पलीकडे चादर सळसळली तरी डोळे उघडतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने घरचे लोक देखभालीत दिवसाला सरासरी ५ तास घालवतात. कान टवकारून काढलेल्या रात्री त्यात कुठे मांडायच्या, हा प्रश्नच आहे.

हा पहारा यंत्रावर सोपवायचा तर निवड बहुधा दोन वस्तूंत होते: अंगाखालचा प्रेशर पॅड, किंवा पलंगाच्या कडेचा पीआयआर सेन्सर, म्हणजे अंगाच्या उष्णतेवरून हालचाल ओळखणारा. दाराचा चुंबकी सेन्सर मी या तुलनेत धरत नाही. तो वाजतो तोवर माणूस उंबरठ्यावर पोचलेलं असतं. मुख्य दाराला तो असावाच, पण जोडीला. पाय ठेवला की वाजणारी चटईही मी टाळेन: गडद चौकोन डिमेन्शियात खड्ड्यासारखा भासू शकतो, आणि माणूस तो ओलांडायला जातं.

पॅड वजन उचललं की वाजतो. म्हणजे पाय जमिनीला लागण्याआधी काही सेकंद हाती येतात, आणि तोल जाणाऱ्या माणसासाठी ते मोलाचे. पण ते मिळतील की नाही, हे पॅड कुठे ठेवला यावर ठरतं. खांद्यांखाली ठेवला तर उठून बसताच कळतं, मात्र नुसती कूस बदलली तरी वाजतो. कमरेखाली सरकवला तर खोटे गजर कमी, आणि खबर मिळते तेव्हा माणूस जवळजवळ उभं. जाड फोमच्या गादीखाली घातला तर बारीक अंगाच्या माणसाचं वजन त्याच्यापर्यंत नीट पोचत नाही. चादरीच्या लगेच खाली, वर पातळ जलरोधक कापड घालून ठेवावा लागतो. मग दर वेळी चादर बदलताना तो हलतो. बरेच दिवस वापरून आतून चुरगळला, की पलंग रिकामा असला तरी त्याला कुणी झोपलंय असंच वाटतं आणि तो गप्प बसतो. म्हणून त्यावर छापलेली मुदत उलटली की बदलायचाच.

हे सगळं सांभाळता येतं. मला न पटलेली गोष्ट एकच, खोटा गजर. पहाटे तीनला तो वाजतो, तुम्ही धडपडत जाता, दार करकरतं, दिवा लागतो, आणि जे माणूस फक्त कुशीवर वळलं होतं ते टक्क जागं होऊन विचारतं, "निघायचं का?" त्याला पुन्हा झोपवेपर्यंत उजाडतं. काही पॅडना गजर उशिरा वाजवायची सोय असते. दोन सेकंद दिले की खोटे गजर घटतात खरे, पण ज्या सेकंदांसाठी पॅड घेतला तेच त्यात जातात. चार-पाच रात्री असं झालं की सांभाळणारा स्वतःच्या हाताने बटण बंद करतो. घरात यंत्र आहे आणि पहारा कुणाचाच नाही, अशी गत.

पीआयआर कूस बदलण्याची दखलच घेत नाही, नीट बसवला तर. गादीकडे तोंड करून लावला तर लटकणाऱ्या हातालाही वाजेल. तो पलंगाच्या पायाला, जमिनीपासून वीतभर उंचीवर, नजर पलंगाच्या लांबीला समांतर जाईल असा लावायचा. समोरून येणाऱ्या हालचालीपेक्षा आडवी जाणारी हालचाल त्याला लवकर कळते, आणि खाली उतरलेले पाय त्याच्या नजरेला बरोबर आडवे जातात. भिंगाच्या वरच्या भागावर अपारदर्शक चिकटपट्टी लावली की गादी त्याला दिसेनाशी होते.

त्याचेही नखरे आहेत. उकाड्यात खोलीचं तापमान अंगाच्या जवळ पोचलं की तो मंदावतो. मांजर त्याला माणूसच वाटतं. काही सेन्सर एकदा वाजल्यावर बॅटरी वाचवायला मिनिटभर डोळे मिटतात. घेण्याआधी हे विचारून घ्या. जोडीदार त्याच खोलीत झोपत असेल तर पाय कुणाचे, हे त्याला समजत नाही. तिथे पॅडच बरा. उभं राहताच पडणाऱ्या माणसालाही पॅडच, खोटे गजर सोसून. पण चालता येतं, तोल बरा आहे, फक्त रात्र-दिवसाचा मेळ सुटलाय, अशा माणसासाठी माझं मत पीआयआरकडे झुकतं.

दोन्हींत आवाज कुठे होतो, ते बघा. उठणाऱ्याच्या खोलीत किंचाळणारा गजर नको, बिनतारी रिसीव्हर सांभाळणाऱ्याच्या उशाशी हवा. नुसत्या फोनवरच्या सूचनेवर विसंबू नये: फोन सायलेंटवर राहतो, बॅटरी वाचवण्याच्या नादात तोच ॲपला झोपवतो, वायफाय जातं. रोज निजण्याआधी पलंगापाशी पाऊल टाकून, किंवा पॅडवर बसून-उठून, वाजतंय ना हे पाहावं.

पहिला आठवडा प्रत्येक गजराची वेळ आणि कारण कागदावर टिपा. रोज दोनच्या सुमारास लघवीसाठीच उठणं होत असेल, तर लघवी वाढवणारी गोळी सकाळी देता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. पलंगापासून शौचालयापर्यंत मंद दिवे रात्रभर चालू ठेवा. मग दोनचा गजर राहिलाच, तरी मोठा दिवा न लावता, नुसतं सोबत चालून माणसाला परत अंथरुणावर आणता येतं.