तिसऱ्या गिअरचे तीन दाते : एका गिअरबॉक्स दुरुस्ती सेवेचा अनुभव

कारखान्यातून २०० न्यूटन-मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर) देणारे टर्बो पेट्रोल इंजिन मी रीमॅप करून, म्हणजे त्याच्या संगणकातले सॉफ्टवेअर बदलून, २९० वर नेले. त्यानंतर सात महिन्यांनी, चढावर तिसऱ्या गिअरमध्ये कमी वेगातून ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला असता, खाली कोणी घण घातल्यासारखा आवाज झाला आणि गिअरबॉक्स गेला. हा अभिप्राय त्या रीमॅपचा नाही. मोडलेला पाच गिअरचा बॉक्स ज्या कार्यशाळेने उघडला, तपासला आणि मजबूत करून परत दिला, तिच्या कामाचा आहे; आणि तो काम झाल्यावर ११,००० किलोमीटर गाडी चालवून मगच लिहीत आहे.

कार्यशाळेची सर्वांत मोठी जमेची बाजू म्हणजे तिने काही विकण्याआधी मोडतोड नीट पाहिली. ऑइल काढताना ड्रेन प्लगच्या चुंबकावर रोजच्या झिजेची करडी, लोण्यासारखी मऊ पेस्ट असतेच. इथे तिच्यात नखाएवढ्या धातूच्या कपच्या रुतलेल्या होत्या. तिसऱ्या गिअरचे तीन दाते मुळापासून तुटले होते. त्यांपैकी दोघांचा तुटलेला पृष्ठभाग सगळीकडे रवाळ होता, तिसऱ्याचा मात्र अर्धा भाग गुळगुळीत होता आणि त्यावर ओहोटीनंतर वाळूवर उरतात तशा वक्र रेषा होत्या. म्हणजे या एका दात्याच्या मुळाशी तडा फार आधी पडला होता, प्रत्येक ओढीबरोबर तो थोडा थोडा पुढे सरकत होता, आणि त्या चढावर उरलेला भाग तुटल्यावर शेजारच्या दोन दात्यांनी जागीच मान टाकली. तड्याची सुरुवात दात्याच्या रुंदीच्या मध्यावर नसून एका टोकाला होती, हे त्यांनी मला भिंगातून दाखवले. निदानाची खरी किल्ली तीच होती.

दात्याला हॉर्सपॉवर कळत नाही, टॉर्क कळतो. २९० न्यूटन-मीटरचा टॉर्क ३० मिलिमीटर त्रिज्येच्या गिअरवरून जात असेल, तर दात्यांवर सुमारे ९,७०० न्यूटनचे, म्हणजे जवळजवळ एक टन वजनाइतके बल येते. हे बल नुसते गिअर फिरवत नाही. दात्यांच्या उतारामुळे त्याचा एक हिस्सा दोन्ही शाफ्टना एकमेकांपासून दूर ढकलतो, आणि दाते तिरकस असतील तर आणखी एक हिस्सा शाफ्टला त्याच्या लांबीच्या दिशेने रेटतो. तिरकसपणा ३० अंशांचा असेल तर हा रेटा मूळ बलाच्या निम्म्याहून अधिक भरतो. ॲल्युमिनियमचे केसिंग आणि त्यातले शाफ्ट या भाराखाली किंचित वाकतात. मग दाते पूर्ण रुंदीने न टेकता कडेवर टेकतात, सगळा भार एका कोपऱ्यावर एकवटतो आणि तडा तिथूनच सुरू होतो. माझ्या बॉक्समध्ये तिसरा गिअर दोन्ही टोकांच्या बेअरिंगपासून सर्वांत दूर, शाफ्टच्या मधोमध बसतो. त्यामुळे वाकण्याचा सर्वाधिक त्रासही त्यालाच. शिवाय पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चाके घसरून दात्यांची सुटका करतात, तशी सोय तिसऱ्यात नसते. बेअरिंगचा हिशेब तर आणखी कठोर आहे. बॉल बेअरिंगचे आयुष्य भाराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात बदलते, टॉर्क १.४५ पट झाला की आयुष्य साधारण एक तृतीयांश उरते.

यात माझाही दोष होता आणि कार्यशाळेने तो संकोच न करता सांगितला. रीमॅपनंतर मूळ क्लच घसरू लागला, म्हणून ज्याने रीमॅप केला त्याच्याच सल्ल्याने मी स्प्रिंग नसलेली, धातुमिश्रित पॅडची कडक क्लच प्लेट बसवून घेतली होती. घसरणारा क्लच ही खरे तर गिअरबॉक्सची फ्यूज होती, आणि ती मी पदरचे पैसे घालून काढून टाकली. स्प्रिंग गेल्यामुळे इंजिनचा प्रत्येक हिसका थेट दात्यांपर्यंत पोहोचू लागला.

दुरुस्तीत त्यांनी फक्त तिसऱ्या आणि चौथ्या गिअरच्या जोड्या बदलल्या. नव्या जोड्या सरळ दात्यांच्या, अधिक रुंद आणि चांगल्या पोलादाच्या आहेत, आणि दात्यांच्या मुळांवर शॉट पीनिंग केलेले आहे. म्हणजे बारीक गोळ्यांच्या माऱ्याने पृष्ठभाग दाबून ठेवला आहे, जेणेकरून तडा सहज उघडू नये. बेअरिंग सगळी नवी आहेत आणि केसिंगला आतून आधार देणारी एक जाड पट्टी बसवली आहे. सरळ दाते म्हणजे आपोआप मजबूत गिअर, हा समज अर्धवट आहे हे त्यांनी स्वतःहून सांगितले. सरळ दात्यांनी शाफ्टवरचा लांबीच्या दिशेचा रेटा जातो हे खरे. पण एका वेळी भार वाटून घेणारे दातेही कमी होतात, आणि खरे बळ रुंदीतून व पोलादातून येते. स्प्रिंग असलेली क्लच प्लेट परत बसवायला लावली, तसेच २,५०० आरपीएमच्या खाली टॉर्क २४० वर रोखल्याशिवाय गाडी ताब्यात देणार नाही, अशी अटच घातली. माझ्या मते सगळ्या कामात सर्वांत मोलाची गोष्ट हीच अट होती.

गाडी आता कशी चालते? तिसऱ्या आणि चौथ्यात गिअरची किणकिणती शीळ सतत ऐकू येते, आणि वेगाबरोबर तिचा सूर चढत जातो. मला तिची सवय झाली आहे. घरच्यांना झालेली नाही. ऑइल थंड असताना दुसऱ्यातून तिसरा टाकायला क्षणभर थांबावे लागते, तापल्यावर अडत नाही. ८०० किलोमीटरवर पहिल्यांदा ऑइल बदलले तेव्हा चुंबकावर नुसती करडी पेस्ट होती, कपची एकही नव्हती.

तक्रारी तीन आहेत. तीन आठवड्यांचे काम पाच आठवड्यांनी मिळाले, याचे मला फारसे दुःख नाही. ऑइलबाबत मात्र निष्काळजीपणा झाला. माझ्या बॉक्समधल्या सिंक्रो रिंग (गिअर बदलताना वेग जुळवणाऱ्या कड्या) पितळेच्या आहेत आणि उत्पादकाने जीएल-४ या दर्जाचे गिअर ऑइल सांगितले आहे, तरी पहिल्यांदा जीएल-५ दर्जाचे भरले गेले. त्यातल्या काही ऑइलमधली गंधकयुक्त रसायने पितळेला बाधू शकतात. मी डब्यावरचा दर्जा वाचून विचारले, तेव्हा त्यांनी वाद न घालता बदलून दिले. तिसरी तक्रार अधिक गंभीर आहे. पावतीवर ‘४०० न्यूटन-मीटरपर्यंत’ असे लिहिले आहे, पण हा आकडा स्थिर भाराचा की क्लच झटक्याने सोडल्यावर येणाऱ्या धक्क्याचा, हे लिहिलेले नाही. आणि तो बदललेल्या दोन जोड्यांचा आहे, संपूर्ण बॉक्सचा नाही. पहिला, दुसरा व पाचवा गिअर अजून कारखान्याचेच आहेत. डिफरन्शियलची, म्हणजे दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या यंत्रणेची, आडवी पिनही तीच जुनी आहे. एक चाक बराच वेळ मोकळे घसरत राहिले की ही पिन तापून गिअरला चिकटू शकते. ती बदला, असे मी काम देतानाच लेखी कळवले होते. ती का बदलली नाही, या माझ्या प्रश्नाचे उत्तर अजून आलेले नाही.