इंग्रजी क्रियापदं आणि कोका कॉर्पस: नाशिकच्या निर्यात कचेरीतला आठ महिन्यांचा वापर

द्राक्ष-कांद्याच्या निर्यात कचेऱ्यांतून जाणारी इंग्रजी पत्रं व्याकरणापेक्षा क्रियापदात जास्त मार खातात. 'वुई विल टेक मीटिंग', 'प्लीज गिव्ह अटेन्शन', 'फार्मर हॅज टेकन प्रूनिंग'. तिन्हींच्या मागे अस्सल मराठी आहे: बैठक घेणे, लक्ष देणे, छाटणी घेणे. मराठी-इंग्रजी शब्दकोशात 'घेणे' काढलं की 'टेक' हाती येतं आणि घात होतो. मीटिंगला 'होल्ड' लागतं, अटेन्शनला 'पे'. छाटणीला तर नामच नको, 'प्रून द व्हाइन्स' एवढं पुरतं.

मुळात क्रियापद ठरवतं ते नाम. आपण दार, दिवा, झाड, फोन, चष्मा, वेळ सगळं 'लावतो'. इंग्रजीत त्याच क्रमाने शट, लाइट, प्लांट, मेक, पुट ऑन, टेक. उलट 'मीट' हे एकच क्रियापद डिमांड भागवतं, डेडलाइन पाळतं, कॉस्ट सोसतं आणि स्टँडर्डला उतरतं. म्हणून शोध नामापासून सुरू करायचा. नेमकं इथेच कोका कामाला येतं.

कोका म्हणजे कॉर्पस ऑफ कंटेम्पररी अमेरिकन इंग्लिश, प्रत्यक्ष वापरातल्या इंग्रजी मजकुराचा शोधता येणारा ऑनलाइन साठा. मार्क डेव्हिस यांनी उभारलेल्या या साठ्यात 1990 ते 2019 या काळातले 100 कोटींहून जास्त शब्द आहेत: बोलणं, कथा, मासिकं, वृत्तपत्रं, संशोधन लेख, मालिका-चित्रपटांचे संवाद, ब्लॉग, इतर वेबपानं. खातं मोफत उघडता येतं, पण रोजच्या शोधांना मर्यादा आहे आणि मधूनमधून पैसे भरण्याची आठवण आडवी येते. मोबाइलवर रकाने वाचताना डोळे शिणतात, संगणकच बरा.

वापरायची रीत अशी. 'कोलोकेट्स' (सोबत येणारे शब्द) हा पर्याय निवडा. शब्दाच्या चौकटीत नाम कॅपिटल अक्षरांत टाका, म्हणजे एकवचन-अनेकवचन दोन्ही धरली जातात. सोबतच्या शब्दाचा प्रकार क्रियापद ठेवा. अंतर डावीकडे 4, उजवीकडे 0. डेडलाइन टाकलं की मीट, मिस, सेट, एक्स्टेंड अशी मंडळी समोर येतात. मग एकेका क्रियापदावर क्लिक करून निदान दहा वाक्यं वाचा. हा टप्पा टाळला तर बाकीचं सगळं वाया. आकडा फक्त शब्द शेजारी आले एवढंच सांगतो. मुदत पाळली की चुकवली, हे वाक्यच सांगतं.

इथे चार ठिकाणी हमखास फसगत होते. पहिली, कर्मणी रचना. 'द डिसिजन वॉज मेड' मध्ये क्रियापद नामाच्या उजवीकडे असतं, त्यामुळे उजवी बाजू 0 ठेवली तर ते निसटतं. दुसरा शोध दोन्हीकडे 4 ठेवून करावा. दुसरी, परस्परसंबंधाच्या गुणांकावर (दोन शब्द एकमेकांना किती चिकटून येतात, त्याचा आकडा) लावलेली क्रमवारी: ती दुर्मिळ, विचित्र जोड्या वर आणते, म्हणून किमान वारंवारतेची अट घालावी. तिसरी, मजकुराचा प्रकार न निवडणे. कादंबरीतलं नाट्यमय क्रियापद बिलाच्या पत्रात शोभत नाही. व्यवहारी मजकुरासाठी वृत्तपत्रं आणि संशोधन लेख एवढेच ठेवा.

चौथी सर्वांत महागाची, कारण हा साठा फक्त अमेरिकन आहे. त्यात 'मेक अ डिसिजन' इतकं भरून आहे की 'टेक' चूकच वाटावी. पण ब्रिटिश लेखनात 'टेक अ डिसिजन' निर्धास्त चालतं. परीक्षेचंही तसंच: अमेरिकन 'टेक' म्हणतो, ब्रिटिश 'टेक' आणि 'सिट' दोन्ही म्हणतो, आणि आपलं 'गिव्ह' भारताबाहेर उलट अर्थ देतं, जणू परीक्षक आपणच. ग्राहक लंडन किंवा रॉटरडॅमचा असेल तर कोकाच्याच संकेतस्थळावरचा ब्रिटिश नॅशनल कॉर्पस (10 कोटी शब्द) उघडावा. तो गेल्या शतकाच्या अखेरचा आहे. ईमेल-अपलोडच्या जमान्यासाठी जुना पडतो. 20 देशांचं वेब-इंग्रजी असलेला ग्लोब (GloWbE) हा साठाही तिथेच आहे. त्यातला भारतीय विभाग पाहिला की 'रिव्हर्ट' म्हणजे 'उत्तर पाठवा' हा अर्थ बाहेर सगळीकडे का चालत नाही, ते ध्यानात येतं.

शेतीच्या शब्दांना मात्र हे साधन तोकडं आहे. ठळक क्रियापदं सापडतात: द्राक्षं 'पिक' किंवा 'हार्वेस्ट' होतात, 'प्लक' फुलं, चहाची पानं आणि कोंबडीची पिसं. फवारणी 'अप्लाय' करतात. घडांची विरळणी म्हणजे 'थिन'. लासलगावच्या लिलावात कांद्याला भाव मिळाला तर 'फेच्ड'. पण कंटेनर भरण्याला जहाज व्यवसायात 'स्टफ' म्हणतात, हे कळायला बिल ऑफ लेडिंग (जहाज कंपनीची मालाची पावती) आणि शिपिंग लाइनच्या सूचनाच वाचाव्या लागतात. प्रयोगशाळेसाठी नमुना काढणे म्हणजे 'ड्रॉ अ सॅम्पल'. सर्टिफिकेट देणारा 'इश्यू' करतो, काढणारा 'ऑब्टेन'. आपण दोन्ही 'काढतो', म्हणून घोळ.

आणखी एक उणीव: क्रियापद सापडलं तरी त्यापुढची रचना यादी सांगत नाही. 'डिस्कस'नंतर 'अबाउट' नको, 'रीच'नंतर 'टू' नको, 'सजेस्ट मी' चालत नाही. यासाठी विद्यार्थ्यांसाठीचा इंग्रजी-इंग्रजी कोश शेजारी हवाच. रोजच्या पत्रात लागणारी तीसेक नामं (ऑर्डर, पेमेंट, कम्प्लेंट, लॉस, रिस्क, इन्व्हॉइस अशी) एकदाच तपासून, प्रत्येकापुढे दोन-तीन क्रियापदं आणि एक पूर्ण वाक्य लिहून टेबलाच्या काचेखाली ठेवली, की मोफत खात्याची मर्यादा क्वचितच आड येते.