मडक्यांची उतरंड: नऊ महिन्यांच्या वापरानंतर

स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याचं घरीच खत करणारा, एकावर एक ठेवलेल्या तीन मडक्यांचा हा संच. वापर कुठे: पुण्यातला फ्लॅट, माणसं चार, पूर्वेची गॅलरी, ओला कचरा रोज ६०० ते ७०० ग्रॅम. मार्च ते नोव्हेंबर, म्हणजे कडक उन्हाळा आणि अख्खा पावसाळा त्यात आला. आधी निकाल सांगून टाकू: मडकी ठीकठाक आहेत, खरं काम शेजारी ठेवलेलं पाचोळ्याचं पोतं करतं.

रचना सोपी आहे. वरच्या दोन मडक्यांना तळ नाही, तिथे दोरीची जाळी आहे. सर्वांत खालचं बंद तळाचं. रोजचा कचरा वरच्यात टाकायचा. ते भरलं की मधल्याशी अदलाबदल. दुसरंही भरलं की पहिल्यातला मुरलेला माल खालच्यात ओतायचा. १८-२० लिटरचं मडकं भरायला २५ ते ३० दिवस लागतात, कारण माल रोज खाली बसत जातो. पहिलं खत अडीच महिन्यांनी निघालं. पुढे दर महिन्याला ५ ते ६ किलो.

सुरुवातीला तळाशी दोन इंच पाचोळा आणि विरजण म्हणून दोन मुठी तयार खत. ओळखीच्या कुणाकडे खत नसेल तर आंबट ताक शिंपडलं तरी चालतं. संचाबरोबर येणारी कल्चरची (कचरा कुजवणाऱ्या जिवाणूंची) पावडर संपल्यावर पुन्हा घेतली नाही, काही अडलं नाही. जुनं खत मूठभर टाकत राहिलं की जिवाणू पुरतात.

रोजचं काम पाच मिनिटांचं. सालं आणि देठ इंचभर चिरायचे, रोळीत तासभर निथळू द्यायचे, मडक्यात पसरायचे आणि वर तितकाच पाचोळा टाकायचा. तितकाच म्हणजे वजनाने नव्हे, आकारमानाने: एक वाटी कचऱ्याला एक वाटी चुरलेली पानं. कुजण्यासाठी कर्ब-नत्र गुणोत्तर, म्हणजे नायट्रोजनच्या किती पट कार्बन, ते २५ ते ३० लागतं. भाजीची सालं १५-२०च्या आसपास असतात, वाळकी पानं ५०च्या पुढे. लाकडाचा भुसा त्याहून कितीतरी कर्बयुक्त, म्हणून तो अर्धी वाटीही पुरतो. फक्त प्लायवुडचा भुसा नको, त्यात गोंद असतो. दर तीन-चार दिवसांनी काठीने तळापासून हलवायचं. मूठभर माल घट्ट पिळला की एक-दोन थेंब यावेत. धार लागली तर पाचोळा कमी पडलाय, हात कोरडाच राहिला तर पाण्याचा शिपका मारा. एप्रिल-मेमध्ये मातीच्या भिंती पाणी इतकं शोषतात की शिपका आठवड्यातून दोनदा लागतो.

संचाबरोबर मिळणारा कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) पाणी चांगला शोषतो, पण कुजायला फार वेळ घेतो. खतात तो तसाच्या तसा दिसतो. शिवाय खर्च होतो तो तिथेच. पाचोळा फुकट आहे, फक्त वेळेवर गोळा करायला हवा. फेब्रुवारी-मार्चमध्ये झाडणाऱ्या काकांकडे मागितला तर आनंदाने देतात, एरवी तो जाळला जातो. वर्षावृक्ष आणि गुलमोहराची बारीक पानं उत्तम. आंब्याची पानं जाड, चुरून टाकल्याशिवाय महिनोन्‌महिने तशीच राहतात. चार पोती भरून कोरड्या जागी ठेवली नाहीत तर ऑगस्टमध्ये हात बांधले जातात.

बिघाड वासावरून ओळखायचा. आंबूस, नासक्या ताकासारखा वास म्हणजे पाणी जास्त आणि हवा कमी: उपसून पाचोळा मिसळा. नाकात झोंबणारा वास अमोनियाचा, म्हणजे नत्र जास्त. चहाचा चोथा भरमसाट पडला की असं होतं. अशा वेळी चुना टाकण्याचा सल्ला हमखास मिळतो. ऐकू नका, चुन्याने अमोनिया आणखी जोरात उडतो. पांढरी बुरशी दिसली तर काहीच करू नका, ती कामालाच लागलेली असते.

आमरसाच्या दिवसांत चिलटं येतात. त्यांची अंडी बहुधा सालीवरूनच घरात आलेली असतात, त्यामुळे आंब्या-केळ्यांच्या साली रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवून मग टाकायच्या. झाकणाखाली सुती कापड बांधायचं. पावसाळ्यात करड्या, जाड अळ्या दिसल्या तर त्या काळ्या सैनिक माशीच्या. त्या निरुपद्रवी आहेत आणि कचऱ्याचा फडशा पाडतात. मात्र कोशात जायच्या आधी कोरडी जागा शोधत बाहेर पडतात, आणि सकाळी गॅलरीभर दिसतात. घरात कुणाला किळस असेल तर वरचा पाचोळ्याचा थर जाड ठेवा.

काय टाकू नये याची यादी मोठी नाही. मासे-मटण, तेलकट भाज्या, लोणचं. उरलेला भात मूठभर चालतो, पातेलंभर नाही. कोयी, करवंट्या आणि मक्याच्या कणसांचे दांडे दोन महिन्यांत कुजत नाहीत. अंड्याची टरफलं कुटूनच. निर्माल्याच्या हारांतला दोरा काढा. ‘कंपोस्टेबल’ छापलेल्या पिशव्याही नकोत. त्यांची चाचणी मोठ्या प्रकल्पातल्या उष्णतेत झालेली असते आणि मडकं तितकं तापत नाही. याच कारणाने बियाही मरत नाहीत. कुंडीत खत घातलं की टोमॅटो आणि भोपळ्याची रोपं आपोआप उगवतात. हवी तर ठेवा.

तयार खत काळपट आणि भुसभुशीत दिसतं, त्याला पहिल्या पावसातल्या मातीचा वास येतो. खात्रीसाठी त्यात मेथीदाणे पेरून बघा. चार-पाच दिवसांत नीट उगवले तर पिकलं. मग चाळायचं, आणि चाळणीत उरलेलं परत वरच्या मडक्यात. बारा इंची कुंडीला महिन्याला दोन मुठी पुरतात.

तक्रारी दोन. सातव्या महिन्यात वरच्या मडक्याची दोरी कुजून तुटली आणि माल मधल्यात कोसळला. नायलॉनची दोरी ओवल्यावर प्रश्न मिटला. ती पहिल्या दिवशीच ओवून घ्यावी. दुसरी, खालचं मडकं पाझरतं आणि फरशीवर पांढरे क्षारांचे डाग पडतात. त्याखाली मातीची परात ठेवा. परातीत साचलेलं पाणी दहापट पातळ करून झाडांना घालता येतं, पण त्याला दुर्गंधी असेल तर ते सरळ संडासात ओतून द्या.