पोटगीसाठी केलेल्या वकील मॅडम, साडेतीन स्टार

नाव नाही टाकत, कोर्टाजवळ वरच्या मजल्यावर ऑफिस आहे, जिन्यात अंधार. मामानी पत्ता दिलेला. माझा घटस्फोट म्युच्युअलनं झालाय, त्यात मी लिहून दिलेलं की मुलीसाठी काही मागणार नाही, तेव्हा फक्त सुटायचं होतं हो. मॅडमनी पहिल्याच दिवशी सांगितलं, तुम्ही सोडलं म्हणून पोरीचा हक्क जात नाही, तो तिचा आहे. यालाच दोन स्टार.

आपल्याकडं सगळे सांगतात पगाराच्या २५ टक्के मिळतात. तसं काही नाही! तो २५ टक्क्यांचा सुप्रीम कोर्टाचा २०१७ चा निकाल बायकोच्या पोटगीचा होता, मुलांसाठी ठरलेला टक्का नाहीच. बापाची कमाई, त्याच्यावरची जबाबदारी, आईची कमाई, पोरीची शाळा, दुखणं, ती आधी कशी राहत होती, हे सगळं बघतात. २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालापासून दोघांनाही उत्पन्न आणि मालमत्तेचं अ‍ॅफिडेव्हिट द्यावं लागतं, म्हणजे मी युनिफॉर्म शिवायच्या कारखान्यात १४ हजार मिळवते ते पण त्यात आलंच, लपवायचं नाही म्हणाल्या.

पोरीच्या बापानं लिहिलं, टॉवेलच्या कारखान्यात १२ हजार पगार. मॅडमनी बँकेचं स्टेटमेंट मागवायला लावलं तर गाडीचाच हप्ता महिन्याला ९ हजार, मग विचारलं की उरलेल्या तीन हजारात हे जेवतात काय. तिथं मजा आली, खोटं कशाला बोलू.

मला वही करायला लावली. शाळेची फी, रिक्षा, ट्यूशन, दवाखाना, सगळ्याच्या पावत्या. घरभाड्यातला पोरीचा वाटा पण धरला, पोरगी काय रस्त्यावर राहते का म्हणे, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. गड्ड्याच्या जत्रेतला पाळणा मात्र खोडला. मागितले ९ हजार, अंतरिम, म्हणजे शेवटचा निकाल लागेपर्यंतचे, मिळाले साडेपाच, पण अर्ज टाकल्या तारखेपासून, त्यामुळं आठ महिन्यांची थकबाकी पण निघाली.

आता दीड स्टार का कापला. अंतरिम अर्ज नोटीस मिळाल्यापासून शक्यतो ६० दिवसांत निकाली काढायचा असतो, आम्हाला आठ महिने, कारण समोरच्यानं दोनदा मुदत मागितली आणि दोनदा आमच्याच मॅडम नव्हत्या, ज्युनियर पाठवला तो आमच्यासमोर पहिल्यांदा फाईल वाचत होता. फीची पावती नाही. आणि बायकांना, मुलांना कमाई कितीही असली तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट वकील मिळतो, १५१०० वर फोन करायचा, हे मला पैसे भरल्यावर दुसऱ्याच बाईकडून कळलं. मॅडमना माहीत नसेल का?

पोटगीचा अर्ज जुन्या सीआरपीसी कायद्याच्या कलम १२५ खाली व्हायचा, आता त्याच्या जागी आलेल्या बीएनएसएस कायद्याचं कलम १४४. पैसे थकले तर वसुलीचा अर्ज वर्षाच्या आत टाका, वॉरंट निघतं, तरी नाही भरलं तर जेल पण होते. आमच्याकडचे दोन महिने थकलेत, अर्ज तयार आहे, मॅडमच्या सहीसाठी तीन दिवस फेऱ्या मारतेय. दुपारी दोन ते पाच जाऊ नका, कुलूप असतं.